ॲडम स्मिथ : व्यापार, मध्यमवर्ग आणि राज्यकारभारातील वाटा

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात अठराव्या शतकातील एका स्कॉटिश पंडिताचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राबाहेरच्या गावांत मराठी ग्रंथालये उभी राहिली ती बहुतांशी वकील, शिक्षक, कारकून, डॉक्टर आणि दुकानदार यांच्या वर्गणीवर. राजेरजवाड्यांनी देणग्या दिल्या, जागाही दिल्या. परंतु दर महिन्याला वर्गणी भरून सभा बोलावणारा, ठराव मांडणारा आणि हिशेब तपासणारा वर्ग हा मधला होता. हा मधला वर्ग युरोपात कसा निपजला, व्यापाराने त्याला बळ कसे दिले आणि राज्यकारभारात त्याला वाटा असावा की नाही, या प्रश्नांचा ज्ञानोदयाच्या काळात पुष्कळांनी विचार केला. मॉन्टेस्क्यूने व्यापारामुळे रानटी रीती सौम्य होतात असे प्रतिपादिले. व्हॉल्टेअरने इंग्लंडातील व्यापाऱ्याला मिळणारा मान पाहून आपल्या देशातील उमरावांना टोमणे मारले. पण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू हिशेबनिसाच्या चिकाटीने मांडल्या त्या ॲडम स्मिथने. आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेची मुले त्याला एका अदृश्य हातापुरता ओळखतात. त्याच्या आयुष्यात आणि ग्रंथांत त्याहून पुष्कळ अधिक आहे. मी मराठीचा अध्यापक, अर्थशास्त्राचा नव्हे. तेव्हा येथे सिद्धांतांची चिकित्सा थोडी आणि माणसाची हकीकत अधिक, असा बेत आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिंबरोच्या समोर खाडीपलीकडे, कर्कॉल्डी नावाचे लहानसे बंदर आहे. तेथे ५ जून १७२३ रोजी स्मिथचा बाप्तिस्मा झाला. वडील जकात खात्यात अधिकारी होते. मुलाच्या जन्मापूर्वी काही महिने ते वारले. आई मार्गारेट डग्लस हिला हे एकच मूल. तिने पुन्हा लग्न केले नाही आणि मुलानेही कधी केले नाही. १७८४ मध्ये ती वारली तोपर्यंत, शिक्षण, नोकरी व प्रवास यांची वर्षे सोडली तर, बहुतेक आयुष्य दोघे एकाच छपराखाली राहिली. तीन-चार वर्षांचा असताना भटक्या टोळीने त्याला पळवून नेले होते व मामाच्या माणसांनी सोडवून आणले, अशी एक कथा त्याचे चरित्रकार सांगतात. कर्कॉल्डीत कोळसा होता, मिठागरे होती, आसपास खिळे घडवणारे लोहार होते. स्कॉटलंडातील एका खेड्यात मजूर पैशाऐवजी खिळे घेऊन पाववाल्याकडे जातात, असे त्याने पुढे आपल्या मोठ्या ग्रंथात नमूद केले आहे. पैसा म्हणजे काय याचा धडा पुस्तकाआधी बाजारात मिळाला असल्यास नवल नाही.

त्याच्या जन्माआधी सोळा वर्षे, १७०७ मध्ये, स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंट विसर्जित होऊन तो देश इंग्लंडशी जोडला गेला. लंडनच्या लोकसभेत स्कॉटलंडच्या वाट्याला अवघ्या पंचेचाळीस जागा आल्या. पुष्कळांना हा राष्ट्राचा सौदा वाटला. स्मिथचे मत पुढे निराळे झाले. त्याच्या हिशेबाने या एकीकरणाचा खरा लाभ मधल्या व खालच्या थरांना झाला, कारण पिढ्यानपिढ्या त्यांना दडपणाऱ्या उमरावांच्या सत्तेतून ते सुटले. आयर्लंडलाही त्याने हाच उपाय सुचवला. संस्थानी मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना या मताचा विचार करताना थोडे अडखळायला होते. आपले राज्य गेल्याचे दुःख आणि दरबाराच्या मर्जीतून सुटल्याचे समाधान ही एकाच घरात नांदलेली आपण पाहिली आहेत.

चौदाव्या वर्षी, १७३७ मध्ये, तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. तेथे फ्रान्सिस हचसन हे नीतिशास्त्र शिकवीत. विद्यापीठातील व्याख्याने लॅटिनमध्ये देण्याची रूढी सोडून लोकांच्या भाषेत शिकवणाऱ्या पहिल्या काही प्राध्यापकांत त्यांची गणना होते. अन्यायी राज्यकर्त्याला विरोध करण्याचा प्रजेला हक्क आहे, हेही ते शिकवीत. या गुरूची आठवण स्मिथने जन्मभर जपली. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून तो १७४० मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात गेला आणि सहा वर्षे तेथे राहिला. ही वर्षे एकाकी गेली. तेथील बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचे सोंगही सोडून दिले आहे, असा शेरा त्याने पुढे छापून ठेवला. पगार ठरलेला असला आणि विद्यार्थी असोत वा नसोत तो मिळत असला म्हणजे काय होते, याचे त्याने केलेले वर्णन आमच्या व्यवसायातील माणसाला आजही सुखाने वाचवत नाही.

१७४८ पासून तीन हिवाळे त्याने एडिंबरो शहरात सार्वजनिक व्याख्याने दिली. साहित्यशास्त्र आणि पुढे कायद्याचे तत्त्वज्ञान हे विषय. याच सुमारास डेव्हिड ह्यूमशी त्याची मैत्री जुळली, ती ह्यूमच्या मृत्यूपर्यंत टिकली. ह्यूमने १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा विचार मांडला होता की, उद्योग व व्यापार वाढले म्हणजे शेतकरी श्रीमंत व स्वतंत्र होतो, दुकानदार व व्यापारी यांना पत येते, आणि मधल्या थराच्या हाती अधिकार व प्रतिष्ठा जाते; हाच थर सार्वजनिक स्वातंत्र्याचा सर्वांत भक्कम पाया होय. स्मिथने हे सूत्र घेतले. पुढे त्याने त्याची जी तपासणी केली तिच्यात ते पूर्वीइतके सरळ राहिले नाही.

१७५१ मध्ये तो ग्लासगोला तर्कशास्त्राचा आणि पुढल्या वर्षी नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. ही तेरा वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत उपयुक्त व सुखाची होती, असे तो उतारवयात सांगत असे. ग्लासगो तेव्हा झपाट्याने वाढत होते. १७०७ नंतर अमेरिकेतील वसाहतींशी व्यापार खुला झाला आणि व्हर्जिनियाचा तंबाखू जहाजे भरभरून क्लाईड नदीच्या मुखाशी उतरू लागला. तो फ्रान्सला व इतर देशांना पुन्हा विकून काही घराणी अमाप श्रीमंत झाली. शहराचे प्रमुख राहिलेले अँड्र्यू कॉक्रन हे व्यापारी एक मंडळ चालवीत. त्यात व्यापाराच्या स्वरूपाची चर्चा होई आणि स्मिथ तिला हजर असे. विद्यापीठात तो निव्वळ पुस्तकी पंडित म्हणून वावरला नाही. काही वर्षे ग्रंथालयाची खरेदी व हिशेब त्याच्याकडे होते, ही गोष्ट आपल्या कार्यवाहांना आवडेल. जेम्स वॉट या तरुण कारागिराला विद्यापीठाच्या आवारात उपकरणे बनवण्यासाठी जागा मिळाली, तीही याच काळात.

ग्लासगोच्या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. तो तंबाखू आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमाने पिकत होता. स्मिथला हे ठाऊक होते. १७५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथात त्याने आफ्रिकी माणसाच्या मनाची थोरवी त्याच्या मालकाच्या कल्पनेपलीकडची असल्याचे लिहिले आणि त्या मालकांना युरोपातील तुरुंगांचा गाळ ठरवले. पुढच्या ग्रंथात गुलामाचे श्रम शेवटी सर्वांत महाग पडतात हे त्याने दाखवले. मात्र ज्या व्यापारी मित्रांबरोबर तो जेवत होता त्यांच्या जमाखर्चाविषयी नावानिशी त्याने काही लिहिले नाही. त्याच्या लेखणीचा हा संयम मला खटकतो.

या पहिल्या ग्रंथाने त्याचे नाव झाले. माणूस स्वार्थी असला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात कल्पनेने शिरण्याची शक्ती त्याच्या ठायी असते, आणि आपल्या वर्तनाकडे एका तटस्थ साक्षीदाराच्या नजरेने पाहायला तो शिकतो, हे त्याचे मुख्य म्हणणे. व्यापारावरचा ग्रंथ लिहिणारा आणि हा ग्रंथ लिहिणारा असे दोन निराळे स्मिथ आहेत असे एके काळी मानले जाई. ते खरे नाही. एक ग्रंथ लिहीत असताना तो दुसऱ्यात सुधारणा करीतच होता.

१७६४ च्या आरंभी बक्ल्यूच्या तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून त्याने फ्रान्सला जाण्याचे मान्य केले. मोबदला वर्षाला तीनशे पौंड, तोही जन्मभर. सत्राच्या मध्यावर प्राध्यापकी सोडताना त्याने विद्यार्थ्यांची फी परत करायला घेतली. विद्यार्थी घेईनात, तेव्हा आग्रहाने हाती दिली. तुलूझ शहरात पहिले महिने कंटाळवाणे गेले. फ्रेंच बोलता येईना. वेळ घालवण्यासाठी एक पुस्तक लिहायला घेतल्याचे त्याने ह्यूमला कळवले. याच तुलूझमध्ये १७६२ साली जाँ कालास या प्रॉटेस्टंट कापडव्यापाऱ्याला पुत्रहत्येच्या खोट्या आरोपावरून चाकावर मोडून ठार केले होते, आणि व्हॉल्टेअर त्या निकालाविरुद्ध उभा राहिला होता. स्मिथ फ्रान्समध्ये असतानाच, १७६५ मध्ये, कालास निर्दोष ठरला. नंतर जिनेव्हाजवळ व्हॉल्टेअरची आणि पॅरिसमध्ये केने व तुर्गो यांची गाठ पडली. हे दोघे व्यापारावरील बंधने उठवण्याच्या मताचे होते. १७६६ मध्ये ड्यूकचा धाकटा भाऊ पॅरिसमध्ये आजारी पडून वारला आणि मंडळी परतली.

पुढची सहा वर्षे तो कर्कॉल्डीला आईजवळ राहून लिहीत होता. १७७२ मध्ये एक विलक्षण योग आला. ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. हिंदुस्थानातील तिच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी एक मंडळ पाठवावे असा बेत निघाला आणि विल्यम पुल्टनी या पार्लमेंटच्या सभासदाने त्यासाठी स्मिथचे नाव सुचवले. स्मिथने आभारही मानले. पार्लमेंटच्या विरोधामुळे ते मंडळ निघालेच नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात थेऊर येथे थोरल्या माधवरावांचे निधन झाले. कर्कॉल्डीचा हा पंडित त्या हिवाळ्यात हिंदुस्थानच्या वाटेवर असता तर त्याने काय पाहिले असते, असा विचार मनात येऊन जातो.

हिंदुस्थान न पाहताही त्याने कंपनीविषयी जे लिहिले ते कडक आहे. व्यापारी मंडळ राज्यकर्ते झाले की त्याचा राज्यकर्ता म्हणून असलेला हितसंबंध आणि व्यापारी म्हणून असलेला हितसंबंध एकमेकांविरुद्ध जातात, असा त्याचा युक्तिवाद होता. राजाला प्रजा सुखी असण्यात लाभ असतो. मक्तेदार व्यापाऱ्याला माल स्वस्त घेऊन महाग विकण्यात. कंपनीचे नोकर पैसे करून मायदेशी परतण्याच्या घाईत असतात, त्यामुळे त्यांनी मागे सोडलेला देश बुडाला तरी त्यांना पर्वा नसते. बंगालातील १७७० च्या दुष्काळात कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी बंधनांनी टंचाईचे रूपांतर उपासमारीत झाले असावे, असेही त्याने लिहिले. १७८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत सनदी कंपन्यांवरची ही टीका त्याने आणखी वाढवली.

तो ग्रंथ ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लंडनमध्ये ९ मार्च १७७६ रोजी दोन खंडांत बाहेर पडला. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला पुणे दरबार व इंग्रज यांच्यात पुरंदरचा तह झाला होता. पहिली आवृत्ती सहा महिन्यांत संपली आणि त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या.

टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. एकट्याला वीसही जमायच्या नाहीत. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरा भाग अधिक मोलाचा आहे. त्यात त्याने युरोपातील सरंजामशाही कशी ढासळली याची हकीकत सांगितली आहे. बाजार नव्हता तेव्हा मोठ्या जमीनदाराने आपल्या धान्याचे करायचे काय? तो शेकडो माणसांना आपल्या पंक्तीला बसवी. जो ज्याचे अन्न खातो तो त्याची लढाई लढतो, त्याच्या वाड्यावर न्याय मागतो. राजाचे तेथे चालत नाही. या उमरावांना शह देण्यासाठी राजांनी शहरवासीयांना सनदा दिल्या, कर गोळा करण्याचा व आपले पंच निवडण्याचा अधिकार दिला. मग शहरांतून व दूरदेशांहून चैनीच्या वस्तू येऊ लागल्या. एका हिऱ्याच्या बकलाच्या जोडीसाठी उमरावाने हजार माणसांच्या वर्षभराच्या पोटगीची, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या हुकमतीची, अदलाबदल केली. पंक्ती मोडल्या, नोकर सुटले, कुळांना लांब मुदतीचे पट्टे मिळाले. कायद्याचे राज्य खेड्यांपर्यंत आले. उमराव आपली हौस भागवीत होता, दुकानदार आपला नफा पाहत होता. एवढी मोठी क्रांती घडवण्याचा इरादा दोघांपैकी एकाचाही नव्हता. आपल्याकडील जहागिरींची व इनामांची कहाणी जाणणाऱ्याने ही पाने वाचावीत, अशी माझी शिफारस आहे.

मग व्यापाऱ्यांच्या हाती राज्य द्यावे काय? येथे स्मिथ ह्यूमपासून वेगळा होतो. समाजाचे त्याने तीन वर्ग मानले : खंडावर जगणारे, मजुरीवर जगणारे आणि नफ्यावर जगणारे. जमीनदाराचे हित समाजाच्या हिताशी जुळते, पण आयते मिळत असल्याने तो आळशी व अजाण राहतो. मजुराचे हितही जुळते, पण ते समजून घ्यायला त्याला फुरसत नाही आणि सार्वजनिक चर्चेत त्याचा आवाज ऐकूच येत नाही. व्यापाऱ्याला आपले हित नेमके कळते. परंतु बाजार रुंद करणे आणि स्पर्धा अरुंद करणे यात ते असल्याने, त्यातला दुसरा भाग लोकांना बाधक असतो. म्हणून या वर्गाकडून आलेला कायद्याचा प्रस्ताव फार काळजीने, संशयानेच, तपासावा असे त्याने बजावले. मालक व कामगार यांच्या तंट्यांत कायदेमंडळ सल्ला घेते तो नेहमी मालकांचाच, हेही त्याने उघड लिहिले. अशा लेखकाला व्यापाऱ्यांचा वकील म्हणणे म्हणजे तिसरा भाग वाचून बाकीचे पुस्तक मिटून ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या प्रश्नावर त्याने राजकीय सहभागाचा विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला. वसाहतींना कर भरायला लावायचे असेल तर करांच्या प्रमाणात पार्लमेंटमध्ये जागा द्याव्यात, हा त्याचा तोडगा. शतकभरात अमेरिकेचे उत्पन्न वाढून साम्राज्याची गादी तिकडे जाईल, हेही मान्य करायला तो तयार होता. पण त्याने हेरलेली खरी गोष्ट निराळी आहे. तिकडचे दुकानदार, कारागीर व वकील रातोरात मुत्सद्दी आणि कायदे करणारे बनले आहेत. आपण कोणीतरी आहोत ही जाणीव त्यांना मिळाली आहे, आणि ती हिरावून घेऊ पाहणाऱ्याशी ते मरेपर्यंत झुंजतील. करांच्या आकड्यांपेक्षा ही प्रतिष्ठेची भूक मोठी आहे, हे ओळखणाऱ्याला मनुष्यस्वभाव पुस्तकांपलीकडे ठाऊक असला पाहिजे. चारच महिन्यांत अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

श्रमविभागामुळे दिवसभर एकच क्रिया करणाऱ्या मजुराची बुद्धी बोथट होते, देशाच्या मोठ्या हिताविषयी मत बनवणे त्याला अशक्य होते, यासाठी सरकारने गावोगाव शाळा चालवाव्यात, असे त्याने सुचवले. मात्र त्या मजुराला मत द्यावे असे तो कोठेही म्हणत नाही. त्याच्या हयातीत स्कॉटलंडच्या साऱ्या परगण्यांतील मतदार मिळून जेमतेम काही हजार होते आणि शहरांची मंडळे स्वतःच स्वतःला निवडत. दुखणे त्याने इतके अचूक ओळखले, पण औषधाच्या चिठ्ठीत हा एक उपाय लिहिला नाही. सावध स्वभाव म्हणा, आश्रयदात्यांची भीड म्हणा. उणीव ती उणीवच.

१७७८ मध्ये त्याची स्कॉटलंडच्या जकात आयुक्तपदी नेमणूक झाली, सहाशे पौंड पगारावर. खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता जकातीच्या कचेरीत जाऊन बसला आणि नेमाने काम करू लागला. बंदी घातलेल्या परदेशी मालाची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा आपल्या अंगावरच्या गळपट्ट्या, कफ, रुमाल यांतील बहुतेक वस्तू बेकायदा निघाल्या. त्याने त्या जाळून टाकल्या आणि एका मित्राला पत्राने कळवून त्यालाही स्वतःच्या व बायकोच्या कपड्यांची पाहणी न करण्याचा सल्ला दिला. एडिंबरोच्या कॅननगेट भागात पॅनम्यूर हाऊस येथे आई व नात्यातील बहीण जॅनेट यांच्यासह तो राहत असे. दर रविवारी मित्र जेवायला येत.

१७९० मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्याने पहिल्या ग्रंथाची सहावी आवृत्ती काढली. तीत एक नवे प्रकरण घातले. श्रीमंत व सत्ताधीश यांचे कौतुक आणि गरिबांची उपेक्षा करण्याची प्रवृत्ती आपल्या नीतिबुद्धीला सडवते, असे त्यात आहे. मधल्या व खालच्या थरातील माणसाला सचोटीचा रस्ता आणि उत्कर्षाचा रस्ता सहसा एकच असतो, कारण शेजारपाजाऱ्यांच्या चांगल्या मतावर त्याची रोजी अवलंबून असते. दरबारात मात्र खुशामत गुणाच्या पुढे जाते. आपल्या वर्गाला हे वाचून बरे वाटेल; पण त्याच प्रकरणात धनिकांकडे टक लावून पाहणाऱ्यांची जी फजिती वर्णिली आहे तीही आपलीच आहे.

१७ जुलै १७९० रोजी तो वारला. त्यापूर्वी थोडेच दिवस जोसेफ ब्लॅक व जेम्स हटन या शास्त्रज्ञ मित्रांकडून त्याने हस्तलिखितांच्या सोळा वह्या जाळवून घेतल्या. कायदा व शासन यांच्या इतिहासावरचा योजलेला ग्रंथ त्यामुळे कधीच प्रकाशात आला नाही. मतदानाविषयी त्यात काही होते का, हे त्या राखेबरोबर गेले. त्याचा विद्यार्थी जॉन मिलर ग्लासगोत कायदा शिकवीत होता. मिलरचा विद्यार्थी टॉमस म्यूर याने व्यापक मताधिकाराची मागणी केली आणि १७९३ मध्ये त्याला चौदा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होऊन तो ऑस्ट्रेलियाला रवाना झाला. स्कॉटलंडचे मतदार सुमारे साडेचार हजारांवरून पासष्ट हजारांच्या आसपास गेले ते १८३२ च्या सुधारणा कायद्याने.

मराठीत या शास्त्राची ओळख लवकर झाली. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली निघाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धांत जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू करण्याविरुद्ध बजावले. स्मिथचा बाणा पाहता त्याने हा आक्षेप आपुलकीने ऐकला असता, असे मला वाटते.

त्याने मागे पैसा फारसा ठेवला नाही. पुष्कळसा गुप्त दानात गेला होता. ठेवली ती सुमारे तीन हजार पुस्तके. ती डेव्हिड डग्लस या आप्ताकडे गेली आणि पुढल्या पिढ्यांत विखुरली. मोठा भाग एडिंबरो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तीनशेच्या आसपास पुस्तके १९२० मध्ये लंडनमध्ये विक्रीस आली असता जपानच्या नितोबे इनाझो यांनी ती विकत घेऊन टोकियो विद्यापीठाला दिली आणि ती तेथे जपून ठेवलेली आहेत.